गोड्या पाण्याचा माग : काटेपूर्णेच्या जलाशयावर पायी सहल

पावसाळा सरून शेतांतील तुरी फुलावर येऊ लागल्या की आपल्या शाळांतून सहलींची बोलणी सुरू होतात. कोणी शेगावचे नाव काढतो, कोणी चिखलदऱ्याचे. पैसे गोळा होतात, गाडी ठरते, मुले पहाटे उठून डबे बांधतात आणि रात्री पेंगत घरी परततात. दुसऱ्या दिवशी 'काय पाहिले?' असे विचारले तर निम्मी मुले गाडीत कोण कोणाशेजारी बसले होते तेच सांगतात. यात मुलांचा दोष नाही. जे पाहायचे त्याच्याशी त्यांच्या रोजच्या जीवनाचा धागा जोडून दिलेला नसला म्हणजे डोळे पाहतात, पण मन पाहत नाही.

मूर्तिजापूर तालुक्यातील शिक्षकबंधुभगिनींना यासाठी एक अगदी जवळचे स्थळ सुचवावेसे वाटते. ते म्हणजे महान येथील काटेपूर्णा नदीवरील धरण, त्यामागचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यास लागून असलेले अभयारण्य. मूर्तिजापूर शहराच्या नळास येणारे पाणी याच जलाशयाचे. अकोला शहराची तहानही मुख्यतः तेथूनच भागते, आणि खारपाणपट्ट्यातील पुष्कळ खेड्यांना पाणी पुरविणारी खांबोऱ्याची योजनाही याच पाण्यावर चालते. जे पाणी मूल रोज पिते, किंवा ज्याची वाट पाहत रिकामा गुंड घेऊन त्याची आई उभी राहते, ते पाणी येते कोठून, हे पायी हिंडून पाहणे यापरते परिसराचे दुसरे शिक्षण कोणते?

प्रस्तुत लेखकाला या विषयाची गोडी लागली ती एका मुलीच्या प्रश्नाने. चौथीचा वर्ग घेऊन आम्ही धरणाखाली झाडांच्या सावलीत बसलो होतो. तेथल्या नळाचे ओंजळभर पाणी पिऊन ती म्हणाली, "गुर्जी, हे पानी तं गोड हाय. मंग आपल्या हिरीचं खारं काऊन?" माझ्या टिपणवहीत धरणाची उंची होती, लांबी होती, अभयारण्यातील प्राण्यांची यादी होती, या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. मी तिला 'नंतर सांगतो' म्हटले. ते उत्तर नीट जुळवावयास मला पुढे बरेच दिवस लागले. इतर शिक्षकांवर अशी वेळ येऊ नये म्हणून ते येथे आधीच मांडतो.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा मुलांसमोर पसरावा. उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगराचे फाटे, आणि दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे. दक्षिणेकडील डोंगरपट्टा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यावर पडलेला पाऊस उतारावरून चटकन वाहतो. खडकात थोडे मुरते तेही भेगाभेगांतून खेळते राहते. पाण्याला क्षार विरघळवून घेण्यास फारसा अवसर मिळत नाही. म्हणून तेथील नद्यांचे व विहिरींचे पाणी सहसा गोडे असते.

पूर्णेच्या खोऱ्याची कथा निराळी. येथे नद्यांनी लक्षावधी वर्षे गाळ आणून टाकला. त्याचे थर शेकडो मीटर जाडीचे आहेत. ही माती अतिशय चिकण. पाणी तिच्यातून सहज निचरत नाही. खोऱ्याला उतारही अगदी थोडा. पाणी साचून राहते, कडक उन्हाने वाफ होऊन उडते, आणि त्यातील क्षार तेवढे मागे उरतात. असे युगानुयुगे चालत आल्याने भूगर्भातील पाणी खारट झाले. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा खारपाणपट्टा सुमारे 4,700 चौरस किलोमीटर पसरला आहे, आणि आपल्या तालुक्याचा मोठा भाग त्यातच येतो. 'येथे पूर्वी समुद्र होता म्हणून पाणी खारे' असे जुनी माणसे सांगतात व आपणही वर्गात सांगून मोकळे होतो. तसे ठामपणे सांगू नये. क्षारांच्या मूळ उगमाविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. परंतु निचऱ्याचा अभाव आणि बाष्पीभवन ही दोन कारणे मुलांना प्रत्यक्ष प्रयोगाने दाखविता येतात, तेव्हा त्यांच्यावरच भर द्यावा.

तात्पर्य, त्या मुलीच्या गावाखाली पाणी नव्हते असे नाही; होते, पण ते पिता येत नव्हते. म्हणून वर डोंगरात, जेथे ते अजून गोडे आहे तेथेच त्याला अडवून नळाने खाली आणावे लागले. एवढे उत्तर मुलांच्या मनात पक्के बसले तर धरण ही त्यांच्या दृष्टीने नुसती प्रेक्षणीय वास्तू राहत नाही.

आता प्रत्यक्ष सहलीकडे वळू. महानला जाण्यास दोन तऱ्हांची अनुमती लागते, हे प्रथमच ध्यानात ठेवावे. धरणाच्या भिंतीवर जाण्यासाठी पाटबंधारे खात्याची आणि अभयारण्यात पाऊल टाकण्यासाठी वनखात्याची. ती लेखी मागावी व आपण काय शिकविणार आहोत तेही अर्जात लिहावे. केवळ 'सहल' असे न लिहिता 'पाण्याचा अभ्यास' असे लिहिले म्हणजे कित्येकदा तेथील एखादा अनुभवी कर्मचारी आपणहून बरोबर येतो, आणि त्याच्याजवळ पुस्तकांत नसलेली माहिती असते. पालकांची संमती, दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी सर्वांना ठाऊकच आहेत. हंगाम मात्र नीट निवडावा. कार्तिकापासून माघापर्यंत जलाशय भरलेला असतो, ऊन सोसवते आणि दूरदेशीचे पक्षी आलेले असतात.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात आपल्याच गावचा नाला पायी चालून पाहावा. हा पूर्वाभ्यास टाळू नये. नाला कोणत्या दिशेने वाहतो, पुढे कोणत्या नदीस मिळतो, त्यात काय काय टाकले जाते, हे मुलांनी स्वतः पाहिले म्हणजे मोठी नदी समजणे सोपे जाते. गावाजवळ पाझर तलाव असेल तर तो दाखवावा आणि तो कधी झाला हे वृद्ध माणसांना विचारण्यास मुलांना पाठवावे. महाराष्ट्रातील असे कित्येक तलाव 1972 च्या दुष्काळातील कामांतून निघाले आहेत; ज्या आजीने त्या कामावर डोक्याने माती वाहिली ती आजी अजून गावात असेल तर तिच्याइतका चांगला इतिहासशिक्षक दुसरा मिळणार नाही.

काटेपूर्णा ही दक्षिणेकडील डोंगरांतून निघून उत्तरेस वाहत येते व पूर्णेस मिळते. मूर्तिजापूरहून आगगाडीने अकोल्यास जाताना काटेपूर्णा नावाचे स्थानकच लागते. मुलांपैकी कोणी ते पाहिले असेल तर तेथूनच गोष्टीला आरंभ करावा. पूर्णा पश्चिमेस वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास. आता नकाशावर वाशिमचे पठार दाखवावे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब काटेपूर्णेने, पूर्णेने, तापीने अरबी समुद्रास जातो. तोच थेंब थोडा दक्षिणेस पडला तर पैनगंगेकडे, तेथून वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास. एकाच डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, आणि त्यांचे दोन समुद्र! जलविभाजक हा शब्द पाठ करून घेण्यापेक्षा ओल्या मातीचा एक उंचवटा करून त्यावर तांब्याने पाणी ओतावे. मुले तो कधी विसरत नाहीत.

महानला पोचल्यावर पहिले काम म्हणजे भिंतीवरून चालणे. धरण मातीचे आहे. 1974 साली ते पुरे झाले. त्याची लांबी सुमारे 2,000 मीटर व सर्वाधिक उंची सुमारे 29.5 मीटर आहे. हे आकडे मुलांना आधी सांगू नयेत. त्यांना पावले मोजावयास लावावीत. शाळेच्या पटांगणात आधीच दहा मीटर आखून प्रत्येक मुलाने आपली किती पावले पडतात ते मोजून ठेवलेले असावे. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास जाईपर्यंत कोणाची साडेतीन हजार पावले होतील, कोणाची साडेचार हजार. कोणी मध्येच मोजणी विसरेल. प्रत्येकाने आपल्या पावलांवरून मीटर काढावेत आणि सगळ्यांची सरासरी घ्यावी. सरासरी काढल्यावर उत्तर खऱ्या लांबीच्या किती जवळ येते हे पाहून मुलांना जे आश्चर्य वाटते ते गणिताच्या तासाला सहसा वाटत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना मात्र संपूर्ण भिंत चालावयास लावू नये. जाऊन येऊन चार किलोमीटर होतात.

भिंत एवढी रुंद का, हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. विटांची भिंत वीतभर रुंद असते, मग ही तळाशी एखाद्या शेताएवढी पसरलेली कशाला? पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणून तळाशी जाडी अधिक हवी. शिवाय माती विटेसारखी उभी राहत नाही, तिला उतार द्यावाच लागतो. अशा मातीच्या धरणाच्या पोटात चिकण मातीचा एक गाभा असतो, जो पाण्यास अडवितो. त्याच्या दोन्ही अंगांस मुरमाड भराव असतो, जो त्या गाभ्यास आधार देतो. पाण्याच्या बाजूस दगडांचे अस्तर लावलेले असते, त्यास आपल्याकडे पिचिंग म्हणतात. लाटांनी माती धुपू नये यासाठी ते असते. खालच्या अंगास झिरपलेले पाणी वाहून नेणाऱ्या चऱ्या असतात. धरणातून थोडे पाणी झिरपते हे ऐकून मुले घाबरतात. तेव्हा सांगावे की, थोडे स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक असते, भीती असते ती गढूळ पाण्याची, कारण त्याबरोबर धरणाची माती वाहून येत असते. हा फरक ठाऊक असलेले मूल उद्या आपल्या गावच्या पाझर तलावावरही लक्ष ठेवील.

सांडवा व त्याचे दरवाजे दुरून दाखवावेत. मातीच्या धरणावरून पाणी वाहू देता येत नाही. तसे झाले तर माती खरडून धरण फुटते. म्हणून जादा पाण्याला बाहेर पडण्यास पक्की वाट करून द्यावी लागते. पानशेतची आठवण सांगावयास हरकत नाही. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण, काम पुरते संपले नसता, फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

यानंतर भिंतीवरच सावलीची जागा पाहून गणिताचा तास घ्यावा. जलाशयाचा एकूण साठा सुमारे 97.67 दशलक्ष घनमीटर आणि उपयुक्त साठा 86.35 दशलक्ष घनमीटर. या दोहोंतील अंतर म्हणजे मृत साठा. हे पाणी साधारणपणे बाहेर काढण्याच्या दरवाजांच्या पातळीखाली राहते, आणि वर्षानुवर्षे वाहून येणारा गाळही तेथेच बसू लागतो. वर्तमानपत्रांत 'धरणात इतके टक्के पाणी' असे येते ते या उपयुक्त साठ्याचे टक्के असतात. वरच्या वर्गांतील मुलांनी लिटर करावेत. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तेव्हा उपयुक्त साठा झाला 8,635 कोटी लिटर.

एवढ्या पाण्याचे होते काय? मूर्तिजापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या शिरगणतीत सुमारे चाळीस हजार होती. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरमाणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने चाळीस हजार माणसांना रोज 54 लाख लिटर पाणी लागेल, वर्षाला सुमारे 197 कोटी लिटर. म्हणजे जलाशय भरला असता त्यातील पाणी अशा गावाला चाळीसांहून अधिक वर्षे पुरेल! मुले हे उत्तर काढून खूश होतात, आणि मग त्यांच्यापैकीच एखादा चौकस मुलगा विचारतो, "मग उन्हाळ्यात आपल्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी का येते?" हा प्रश्न आला नाही तर शिक्षकाने स्वतः काढावा, कारण खरा पाठ येथून सुरू होतो.

अकोल्यासारखे मोठे शहर, कालव्यांखालील शेती, कारखाने आणि खेड्यांच्या योजना यांचा वाटा त्यात आहे, हे मुले लवकर सांगतात. ज्याचे नाव कोणी घेत नाही असा एक मोठा वाटेकरी राहतोच, तो म्हणजे सूर्य. यासाठी सहलीच्या आधी चार दिवस शाळेच्या अंगणात एका परातीत पाणी भरून उन्हात ठेवावे व रोज पट्टीने पातळी मोजावी. कुत्रे व पाखरे पाणी पितात, म्हणून वर जाळी घालावी. हिवाळ्यात समजा दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उतरले. परात उथळ असल्याने लवकर तापते. मोठ्या जलाशयावरील बाष्पीभवन परातीच्या साधारण सात-दशांश धरतात, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. हा जलाशय पूर्ण भरला असता त्याचा पृष्ठभाग सुमारे 12 चौरस किलोमीटर असतो. साडेतीन मिलिमीटर म्हणजे पेन्सिलीच्या जाडीच्या निम्मेच. पण तेवढाच थर बारा चौरस किलोमीटरांवरून उडाला तर पाणी होते 4 कोटी 20 लाख लिटर. मूर्तिजापूर शहराच्या एका दिवसाच्या वर काढलेल्या गरजेच्या जवळजवळ आठपट, आणि तेही हिवाळ्यातील एका दिवसात! वैशाखात परातीतील पाणी दुप्पट-तिप्पट वेगाने उतरते. तोवर जलाशयाचे पात्रही आकसलेले असते, म्हणून उन्हाळ्याचा हिशेब करताना पृष्ठभाग कमी धरावा लागतो. ही सूक्ष्म गोष्ट सातवी-आठवीच्या मुलांना जरूर सांगावी.

ग्रामीण भागात जलजीवन मिशनने दरमाणशी 55 लिटरांचे प्रमाण धरले आहे. पंधरा लिटरांच्या गुंडाने मोजले तर एका माणसाला चार गुंडांस थोडे कमी. पाच माणसांच्या घरी किती खेपा झाल्या असत्या, प्रत्येक खेपेस किती वेळ गेला असता, आणि त्या खेपा घरातील कोण करते, हे प्रश्न मुलांनी एकमेकांस विचारावेत. वर्गातील हजेरीपटावर ज्या मुलींची नावे उन्हाळ्यात वारंवार गैरहजर दिसतात त्यांची उत्तरे शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावीत.

दुपारच्या भोजनानंतर, वनखात्याची माणसे दाखवतील त्या वाटेने, अरण्यात थोडे हिंडावे. जलाशयाभोवतीचे हे अभयारण्य 1988 साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे 73 चौरस किलोमीटर. रान कोरड्या पानझडीचे. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस ही झाडे मुलांना दाखवावीत, पण नावांची जंत्री लिहून देऊ नये. प्रत्येक मुलाने एकच झाड निवडावे, त्याची साल हाताने चाचपून पाहावी, पडलेले पान वहीत ठेवावे, आणि ते झाड घरी कोणत्या कामी येते हे घरच्यांना विचारून लिहावे. एका झाडाशी झालेली ओळख दहा झाडांच्या यादीपेक्षा टिकाऊ असते, असा अनुभव आहे.

येथील चौशिंगा हा प्राणी विशेष महत्त्वाचा. हरणासारख्या दिसणाऱ्या या लहानशा प्राण्याच्या नरास चार शिंगे असतात. मादीस एकही नसते. तो बुजरा असल्याने दिवसा मुलांच्या गलबल्यात दिसण्याचा संभव फार थोडा, आणि तो दिसला नाही म्हणून सहल फसली असे कोणी मानू नये. त्यास वारंवार पाणी प्यावे लागते, म्हणून तो पाण्यापासून फार लांब जात नाही. ठरावीक जागीच लेंड्या टाकण्याची त्याची सवय आहे, त्यामुळे प्राणी न दिसताही तो तेथे राहतो हे ओळखता येते. रोही मात्र मुलांच्या परिचयाचा असतो, आणि त्याचे नाव निघताच 'आमच्या तुरी खाल्ल्या' अशी तक्रार येते. ती तक्रार दाबू नये. रानातील पशू व शेतातील पीक यांचा हा कलह खरा आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलास त्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे.

पक्ष्यांसाठी मात्र वेळ राखून ठेवावा. काठावर शांत बसून पंधरा मिनिटे कोणी बोलायचे नाही, एवढा एकच नियम करावा. मग एकेक पक्षी दिसू लागतो. पंख पसरून खडकावर बसलेला पाणकावळा; बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली; हवेत एका जागी पंख फडफडत थांबून पाण्यात झेप घेणारा काळापांढरा कवड्या खंड्या; चिखलात लांब गुलाबी पायांनी चालणारा शेकाट्या. काळ्या अंगाच्या व कपाळावर पांढऱ्या टिळ्याच्या एका पाणपक्ष्यास आपल्या लोकांनी 'वारकरी' हे नाव दिले आहे. मुलांना नाव न सांगता 'याला तुम्ही काय म्हणाल?' असे विचारून पाहावे. हिवाळ्यात चक्रवाकाच्या नारिंगी जोड्या दिसल्या तर सांगावे की, हे पाहुणे हिमालयापलीकडून, लडाख व तिबेटाकडून येतात आणि उन्हाळ्याच्या सुमारास परत जातात. आपल्या वऱ्हाडातील एका तळ्यावर त्यांचा भरवसा आहे, ही कल्पना मुलांना फार आवडते. पक्ष्यांची स्थानिक नावे शोधण्यास मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' केंद्रशाळेच्या ग्रंथालयात असणे इष्ट.

सावधगिरीच्या दोनच गोष्टी येथे सांगतो, कारण त्यांत चूक झाली तर ती परत दुरुस्त करता येत नाही. पहिली, पाण्यात कोणत्याही कारणाने उतरू देऊ नये. हात-पाय धुण्यासही नाही. जलाशयाचा तळ सपाट नसतो. एक पाऊल घोट्याएवढ्या पाण्यात आणि दुसरे पुरुषभर पाण्यात, अशी स्थिती असते, शिवाय काठाचा गाळ पाय धरून ठेवतो. पोहता येणारी मुलेच अशा ठिकाणी अधिक धोक्यात असतात, कारण त्यांना भीती नसते. दुसरी, आग्या मोहोळ. मोठी झाडे व उंच बांधकामे यांच्या खालच्या अंगास ही पोळी लोंबत असतात. त्यांच्या जवळपास चूल पेटवू नये, दगड मारू नये, गलका करू नये. आणि माश्या उठल्याच तर मुलांनी ओरडत इकडेतिकडे न धावता, डोके व तोंड कापडाने झाकून त्वरेने लांब जावे किंवा गाडीत शिरावे, हे आधीच शिकवून ठेवावे.

निघण्यापूर्वी काठावरचा आपला आणि आपल्या आधी येऊन गेलेल्यांचाही कचरा पोत्यात भरून बरोबर न्यावा. मूर्तिजापूर तालुक्यातील मुलांस हे सांगण्यासाठी उपदेशाची गरज नाही. ज्यांनी आयुष्यभर खराटा हाती धरला ते गाडगे महाराज याच तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या घरी गुरे राखत वाढले.

सहलीनंतरचा आठवडा हा सहलीचाच भाग समजावा. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा जो विचार मांडला गेला त्यात हात, कामधंदा व परिसर यांच्याद्वारे विषय शिकविण्यावर भर होता. त्या योजनेतील सर्वच गोष्टी टिकल्या नाहीत, आणि सर्वच टिकावयास हव्या होत्या असेही माझे मत नाही. पण भाषा, गणित, भूगोल व विज्ञान हे चार तास एका पाण्याभोवती गुंफता येतात, हे तिने दाखवून दिले ते खरेच आहे. मुलांनी भिंतीचा नकाशा काढावा, थेंबाचा समुद्रापर्यंतचा प्रवास लिहावा, आणि जलाशयाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याविषयीही विचार करावा. गोडे पाणी कोणालाच फुकट मिळालेले नाही.

आणि शेवटी तो प्रयोग, ज्याची आठवण त्या मुलीने मला करून दिली. सारख्या आकाराच्या चार स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात. एकीत साठवलेले पावसाचे पाणी, दुसरीत जलाशयाच्या योजनेचे नळाचे, तिसरीत गावातील विहिरीचे व चौथीत हातपंपाचे, प्रत्येकी 100 मिलिलिटर. ताटल्यांखाली नावे लिहून, वर पातळ फडके बांधून त्या उन्हात ठेवाव्यात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे 100 मिलिलिटर पाणी आटल्यावर पहिल्या मर्यादेत ताटलीत 50 मिलिग्रॅम, अगदी पुसट डाग उरेल. दुसऱ्या मर्यादेत त्याच्या चौपट. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या ताटलीत कधी कधी पांढरी पुटे जमतात, बोटाने खरवडता येतील अशी. ती चाखून पाहू नयेत. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासण्याचा संच असतो; त्याने या चारही पाण्यांची तपासणी मुलांसमोर करवून घ्यावी आणि आकडे फळ्यावर लिहावेत. हातपंपाचे पाणी मर्यादेबाहेर निघाले तर त्या आकड्यांचा कागद मुलांच्या सह्यांनिशी ग्रामसभेत ठेवण्यास कोणाचीही अनुमती लागत नाही.

ताटल्या कोरड्या होण्यास हिवाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. तोवर त्या वर्गाच्या खिडकीखाली, सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात. मुले मधल्या सुट्टीत स्वतःच जाऊन पाहत राहतात.